सूरपाटीतला थांबा

१० मे

वहिनी,

हे पत्र माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या ई-मेलवरून पाठवते आहे, त्यामुळे शेवटी 'डोळ्यांची तपासणी मोफत' असं आपोआप येईल. ते मला काढता येत नाही. तुझा पत्ता दादाच्या लॅपटॉपमध्ये सापडला. तिथूनच लिहिता आलं असतं, पण मग तुला त्याच्या नावाने पत्र आलं असतं. ते बरं झालं नसतं.

वहिनी म्हणते आहे ते सवयीने. तुम्ही वेगळे झालात त्याला बरीच वर्षं झाली, तेव्हा चालत नसेल तर सांग.

दादा गेल्याचं कळल्यावर तू पाठवलेल्या दोन ओळी मिळाल्या. उत्तर द्यायचं राहिलं. तो अचानक गेला, त्रास झाला नाही. मी रविवारी दुकान बंद असतं तेव्हा त्याची खोली आवरायला जाते. की-बोर्डवर शर्ट पडलेले, कपाटात केबलींचा गुंता. खिडकीखालचं तुझं टेबल त्याने हलवलं नव्हतं, नुसत्या त्यावर वह्या रचत गेला होता. हे तुला सांगायचं नव्हतं. लिहिलं गेलं, राहू दे.

पत्राचं कारण वेगळं आहे. शाळेच्या काही फायली परत द्यायच्या होत्या म्हणून मी त्याचा लॅपटॉप उघडला, तर समोर एक निरोप येऊन पडलेला. "सर, आहात ना? मी सुरुवात करू?" त्याच्याआधीही तसेच चार-पाच. एका मुलीचे होते.

कॉलेजच्या मुलांना उन्हाळ्यात अशा सगळ्यांसाठी खुल्या सॉफ्टवेअरवर काम देण्याची ती योजना तुला माहीतच आहे. दादाच्या गाण्याच्या वर्गासाठी लिहिलेल्या सूरपाटीसाठी तुम्ही दोघांनीच पहिल्यांदा अर्ज केला होता. या वर्षी दादाने ही मुलगी निवडली. पार दुसऱ्या टोकाच्या शहरात राहते, इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दादाने तिचं नाव घाईबाई ठेवलं होतं, असं तिनेच मला सांगितलं. मी फोन करून तिला बातमी दिली तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी इतके दिवस नुसती हॅलो हॅलो करत होते?"

मी म्हटलं, "तुला काय माहीत."

योजनेच्या समन्वयकांनी कळवलं आहे की महिनाअखेरपर्यंत दुसरा मार्गदर्शक मिळाला नाही तर मुलीचं काम रद्द होईल. तिने यासाठी दुसरं एक काम नाकारलं आहे. सूरपाटी आतून कशी आहे हे दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक गेला.

मी तुला विनंती करत नाही. कळवते आहे.

नणंद


२ जून

वहिनी,

तू मला उत्तर दिलं नाहीस, पण मार्गदर्शक व्हायला समन्वयकांना होकार कळवलास, हे घाईबाईकडून कळलं. बरं केलंस. एवढंच लिहून थांबणार होते.

पण मुलीचा काल पुन्हा फोन आला. तिला बोलायला कुणीतरी लागतं, आणि मी दुकानात संध्याकाळी रिकामीच असते. म्हणाली, "ताई, मॅडम नेहमी एवढंच बोलतात का?"

"किती?"

"मी पानभर लिहिते. त्यांचं उत्तर येतं, 'ठीक'. किंवा 'ठीक नाही'."

मी तिला सांगितलं की 'ठीक' आलं तर खूश हो, आमच्या घरात ते फार कमी वेळा मिळायचं. ती हसली. तुझी चहाडी केली असं समजू नकोस.

तिचं काम काय आहे ते मी तिच्याकडून समजून घेतलं. सूरपाटी एक सूर वाजवते, मूल तो गाऊन दाखवतं, मग पाटी जरा वेळ कोरी राहते आणि नंतर सांगते, लागला, चढला की उतरला. मुलीला ते लगेच व्हायला हवं आहे. मूल गात असतानाच पडद्यावर एक काटा हलेल, डावीकडे गेला तर उतरला, उजवीकडे गेला तर चढला. काटा तिने जवळजवळ बनवलाही आहे. पण मधला तो थांबा काढल्याशिवाय काट्याला अर्थ नाही, आणि सॉफ्टवेअरमधली थांब्याची ओळ तू लिहिलेली आहे. ओळीशेजारी तुझं नाव दिसतं म्हणे.

ती म्हणाली तसं इथे लिहिते.

"मी सरांना एप्रिलमध्येच विचारलं होतं, ही ओळ काढू का? सर म्हणाले, ती माझी नाही. आपल्याकडे नियम आहे, ज्याची ओळ त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. जिची आहे तिला विचार. मी म्हटलं, तुम्हीच विचारा ना सर, तुम्ही ओळखता त्यांना. तर म्हणाले, मी विचारलं तर त्याचा वेगळाच अर्थ होईल."

मला हे ऐकून आश्चर्य वाटलं. त्या थांब्यावरून तुमची जेवताना केवढी जुंपायची, मी कितीदा तिथे होते.

"तुझ्या पाटीला मधेच डुलकी लागते का गं?" तो म्हणायचा.

"पाटीला नाही. मुलांना ऐकायला वेळ लागतो."

"मुलं ऐकत नाहीत, बाकं हलवतात. पुन्हा एकदा वर्गात येऊन बघ म्हणजे कळेल."

"बघूनच लिहिलंय."

"काय बघितलंस?"

"जाऊ दे."

मग दोघं माझ्याकडे वळायचात, की तू सांग, तू तटस्थ आहेस. मी चहा ठेवायला उठायचे. तुम्ही वेगळे झालात ते काही या एका गोष्टीवरून नाही, हे मला कळतं. पण मला वाटलं होतं की तू गेल्यावर त्याने पहिल्यांदा तो थांबाच काढून टाकला असेल. काढला नव्हता. इतकी वर्षं तसाच ठेवला, आणि शेवटी मुलीला सांगितलं तुला विचारायला.

मुलगी म्हणते, बाकी सगळं मॅडम तपासतात, पण त्या ओळीबद्दल विचारलं की उत्तरच येत नाही. सहामाही परीक्षेसारखं जुलैत तिचं एक मूल्यमापन आहे, आणि शेवटचं ऑगस्टमध्ये. ओळ तशीच राहिली तर काम अडेल आणि ती नापास होईल.

मी मध्ये पडत नाही. तुला माहीतच आहे.

नणंद


८ जुलै

वहिनी,

तू तिला 'काढून टाक' असं कळवलंस. तिने लगेच मला फोन केला, इतकी खूश होती की आधी मला वाटलं हिचं लग्नच ठरलं. दुसऱ्या दिवशी ओळ गेली, काटा बसला, आणि पहिलं मूल्यमापनही तू पार पाडलंस. त्याबद्दल तुझे आभार मानायला लिहायला बसले होते, पण पत्र लांबणार आहे असं दिसतं.

मुलीला नवी सूरपाटी खऱ्या वर्गात चालवून बघायची होती. तिला इथे येणं शक्य नाही, म्हणून मी दादाच्या शाळेत विचारलं. नव्या संगीतशिक्षिका चांगल्या आहेत, म्हणाल्या, या. मी एक दिवस दुकान अर्धा वेळ बंद ठेवलं. त्याच्या वर्गात मी यापूर्वी कधीच गेले नव्हते. तळमजल्यावरची शेवटची खोली, एका बाजूला भिंतभर खिडक्या, लाकडी बाकांवर कर्कटकाने कोरलेली नावं. घाईबाई माझ्या फोनच्या पडद्यावर, मी तिला मुलांकडे वळवून धरलेलं.

"ताई, तुमचा अंगठा दिसतोय."

"हं, आता?"

"आता छत दिसतंय."

मुलं हसायला लागली, ते बरंच झालं.

काटा त्यांना फार आवडला. एकेक जण यायचा, सूर ऐकायचा, तोंड उघडायचा आणि डोळे पडद्यावर. काटा डावीकडे गेला की आवाज वर ओढायचा, उजवीकडे गेला की खाली, काटा मधे आला की 'येस' म्हणून उडी. सगळ्यांचाच सूर लागत होता. शिक्षिका म्हणाल्या, "वा, किती पटकन शिकली." घाईबाई पलीकडून टाळ्या वाजवत होती.

मी पन्नाशीला आले, मला गाता येत नाही, आणि कुणाचं गाणं कसं झालं हेही कळत नाही. मी फक्त मुलांच्या डोळ्यांकडे बघत होते, कारण दिवसभर मी तेच करते. त्यांच्यात एक लहानशी मुलगी होती. तिने गाऊन झाल्यावर डोळे मिटून घेतले. पाटीने तिला केव्हाच सांगून टाकलं होतं, हिरवा दिवा लागला होता, आणि ती आपली डोळे मिटून उभी. ओठ हलत होते, आवाज नाही. मागचा मुलगा तिला ढकलत म्हणाला, "अगं झालं तुझं, हो बाजूला."

मी तिला नंतर विचारलं, "डोळे का मिटलेस गं?"

ती म्हणाली, "सर मिटायचे."

दुसरी एक म्हणाली, "आम्ही गायलो की सर डोळे मिटून गप्प बसायचे. मग सांगायचे कसं झालं ते. तोपर्यंत आपल्याला आपलंच कळायचं."

"सर झोपायचे," असं तो ढकलणारा मुलगा म्हणाला. मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं आणि तो मागे जाऊन बाकावर बसला.

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की दादा अचानक गेला. ते खरंच आहे, पण कुठे आणि कसा ते लिहिलं नव्हतं. तो त्याच खोलीत गेला, वर्ग चालू असताना, खुर्चीत बसल्या बसल्या. एका मुलाने गाऊन दाखवलं होतं, दादाने डोळे मिटले. मुलं वाट बघत बसली. कुणालाच वेगळं वाटलं नाही, कारण तो रोज तसंच करायचा. शेजारच्या वर्गातल्या बाई, आज इकडे एवढी शांतता का म्हणून डोकावल्या, तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, लगेच आले असते तरी काही करता आलं नसतं. मुलांच्या घरच्यांना हे मुद्दाम सांगितलं आहे, म्हणजे कुणाच्या मनात राहायला नको.

त्या दिवशी शाळेतून परत येताना मला तुझं ते वाक्य आठवलं, "बघूनच लिहिलंय." वहिनी, तू वर्गात जाऊन हेच बघितलं होतंस का? तो थांबा त्याचाच होता का?

हे विचारून तुला त्रास होत असेल तर उत्तर देऊ नकोस.


१९ जुलै

वहिनी,

तुझं उत्तर आलं तेव्हा दुकानात एक आजोबा चष्मा न्यायला आले होते. मी त्यांच्यासमोरच वाचलं आणि त्यांना दुसऱ्याच कुणाचातरी चष्मा दिला. ते म्हणाले, "बाई, यातून मला तुम्ही दोन दिसताय." मग बदलून दिला. तुला हसू यावं म्हणून लिहिते आहे.

तू लिहिलं आहेस की सूरपाटी लिहायच्या आधी तू काही दिवस त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून होतीस. तो डोळे मिटायचा त्या वेळात मुलं मनातल्या मनात आपला सूर पुन्हा गाऊन बघायची, आणि त्यातच त्यांना चूक सापडायची. शिकणं तेवढ्या वेळातच होतं असं तुला दिसलं, म्हणून तू ते पाटीत घातलंस. मी विचार करत होते की एवढं होतं तर तू त्याला सांगितलं का नाहीस. पुढच्याच ओळीत तू उत्तर दिलं आहेस. "सांगितलं असतं तर तो ते मुद्दाम करायला लागला असता, आणि मग ते राहिलं नसतं."

हे बरोबर आहे. आम्ही लहान असताना मी त्याला एकदा म्हटलं होतं की तू शीळ छान घालतोस. त्यानंतर घरात महिनाभर ऐकवेना.

आणि तू लिहिलं आहेस की आता हे सगळं सांगून उपयोग नाही, ज्याच्याशी भांडायचं तो नाही, मुलीचं काम पूर्ण होऊ दे, ओळ गेली ती गेली. ठीक आहे. तुमच्या कामातलं तुला कळतं.

खोली जवळजवळ रिकामी झाली. तुझं टेबल मी माझ्याकडे आणलं. हवं असेल तर घेऊन जा, नसेल तर माझ्या कामाचं आहे.

नणंद


३० ऑगस्ट

वहिनी,

मुलगी पास झाली. मला आधी तिच्याकडून कळलं आणि मग तुझं पत्र आलं. तिने पाठवलेला तुझा शेरा मी वाचला. तू चक्क तीन ओळी लिहिल्या आहेस. ती म्हणते, फ्रेम करून लावते.

तुझ्या पत्रात एकच प्रश्न आहे. शेवटच्या आठवड्यात मुलीने ती ओळ परत घातली, तुला न विचारता, आणि का घातली ते सांगेना. तिला कुणी सांगितलं?

मी सांगितलं.

तुझं जुलैचं पत्र आल्यावर तिचा फोन आला होता, आणि मी तिला थांबा कुठून आला ते सांगून बसले. सांगायला नको होतं का, मला ठरवता येईना, पण ती त्याची विद्यार्थिनी आहे. तिने 'बरं' म्हणून फोन ठेवला. मग कितीतरी दिवस तो विषय निघाला नाही. ऑगस्टमध्ये एकदा काम संपत आलेलं असताना म्हणाली, "ताई, एक विचारू? ओळीवर नाव मॅडमचं होतं, म्हणून मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या काढ. मी काढली. पण मॅडमनी ती सरांना बघून लिहिली. म्हणजे खरी ओळ सरांची."

"हो."

"मग सरांना विचारायला हवं होतं."

"हो."

"आता कुणाला विचारायचं?"

मी दुकानात उभी होते, समोर काचा पुसायचं फडकं. मी म्हटलं, "मला विचार."

"तुम्हाला? तुम्हाला यातलं कळतं का काही?"

"नाही. तरी विचार."

"बरं. काढलेली राहू दे की परत ठेवू?"

"ठेव."

"ताई!" ती ओरडलीच. "आता? अहो, सगळं काट्यावर जुळवलंय मी. थांबा घातला की अर्धं काम उसवणार. मॅडमनी नापास केलं म्हणजे?"

मी म्हटलं, "मॅडमना मी बघून घेते." हे मी कसं म्हटलं, कुणास ठाऊक. तुला मी आजवर कशावरूनही बघून घेतलेलं नाही.

ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच युक्ती काढली. सराव करताना काटा दिसतो, मुलांना हवं तेवढं काट्याबरोबर खेळता येतं. पण 'आता ऐक' असं बटण दाबून गायलं की काटा निघून जातो, पाटी कोरी होते, थांबते, आणि मगच सांगते. मी पुन्हा शाळेत गेले, या वेळी अंगठा न दाखवता फोन धरला. थोडी चुळबुळ झाली, बाकं हलली. दादाचं तेवढं बरोबर होतं. पण पाटी कोरी असताना निम्म्या मुलांचे ओठ हलत होते. एकाचा सूर उतरला होता. पाटी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "नाही नाही, थांबा, पुन्हा गातो." घाईबाईने पलीकडे टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसतं म्हणाली, "अच्छा. हे असं होतं."

ओळ परत ठेवायला का सांगितलं, ते मला तुझ्यासारखं नेमकं लिहिता येणार नाही. तुम्ही दोघं भांडायचात तेव्हा एक जण ओढायचा आणि एक जण धरून ठेवायचा, म्हणून ती ओळ होती तिथे राहिली. तो गेल्यावरही मला वाटत होतं की तू धरून ठेवशील. तू 'काढून टाक' म्हणालीस तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता धरायला कुणी उरलं नाही. तू चिडून म्हणाली नाहीस हे मला समजतं. तू दमली होतीस. दमलेल्या माणसाने दिलेली परवानगी मी तरी धरत नाही. दुकानात कुणी रडून आलेलं असलं तर मी नंबर काढत नाही, उद्या या म्हणते.

ओळीशेजारी आता मुलीचं नाव दिसतं, कारण परत तिने घातली. पण तिने वर एक सूचना लिहून ठेवली आहे, तू पाहिली असशीलच. "ही ओळ काढायची असल्यास सरांच्या बहिणीला विचारावे." मी तिला म्हटलं, असं लिहितात का कुठे. ती म्हणाली, लिहितात, आणि ते कायम राहतं.

सूरपाटी पुढे कोण सांभाळणार हे समन्वयकांनी विचारलं आहे. मी तुझं नाव सांगितलं. तिथे तुला हवं ते बदल, मला त्यातलं काही कळणार नाही. थांब्याची ओळही तुला नकोशी झाली तर काढ. फक्त आधी मला विचार. पत्र नको, फोन कर. मी उत्तर द्यायला जरा वेळ लावीन, तेवढं थांब.